रेषेची मागची कड

एल्डन फॉल्समध्ये कुणाचं कुंपण शेजाऱ्याच्या हद्दीत सरकलं, की लोक सरकारी मोजणीदाराच्या आधी आल्विन वॉइटसला बोलावत. तो फीत घेऊन येई, दोनदा मोजी, आकडा सांगे आणि निघून जाई. कॉफीलाही थांबत नसे. आकडा ज्याच्या विरुद्ध जाई तोही भांडत नसे. "आल्विननं मोजलंय ना, मग झालं," म्हणत तो मुकाट्यानं खांब उपटायला घेई.

गावच्या कागदाच्या गिरणीत चौतीस वर्षं त्याचं एकच काम होतं. कागदाच्या मोठ्या गुंडाळ्या कापणारी पाती लावायची. पातं केसभर सरकलं तर सबंध गुंडाळी भंगारात. चौतीस वर्षांत त्याच्या सात गुंडाळ्या भंगारात गेल्या. त्यातल्या दोन दुसऱ्याच्या चुकीनं, पण त्या तो कधी वजा करत नसे. गिरणी बंद पडून अकरा वर्षं झाली. आता तो एकाहत्तरचा होता आणि पाती नसली तरी शनिवार होता.

शनिवारी तो कॉलेजच्या मैदानावर साखळी धरी. इथला, अमेरिकेतला, फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू काखेत मारून समोरच्या माणसांच्या भिंतीत घुसायचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलात तर चेंडू तुमचा, नाही तर समोरच्यांचा. ती दहा यार्ड मोजायला मैदानाच्या कडेला दोन काठ्या असतात, मध्ये साखळी. मागची काठी आल्विनकडे, पुढची रॉयकडे. रॉय गिरणीतलाच, कानानं अधू. कितवा प्रयत्न चालू आहे ते दाखवणारी पाटी डॉरिसकडे. डॉरिसनं छत्तीस वर्षं शाळेची बस चालवली होती आणि तिचा आवाज अजूनही शेवटच्या बाकापर्यंत पोचे.

चेंडू कुठवर गेला याचा वाद झाला की साखळी कडेवरून मैदानाच्या मध्यात न्यावी लागते. नेताना जागा हुकू नये म्हणून साखळीला एक चिमटा लावतात. मैदानावर दर पाच यार्डांवर आडवी रेषा असते, त्यातल्या जवळच्या रेषेच्या बरोबर मागच्या कडेवर. मध्यात गेल्यावर चिमटा त्याच रेषेच्या मागच्या कडेवर टेकवायचा, साखळी ताणायची, पुढची काठी कुठे येते ते बघायचं. रेषा चार इंच रुंद असते. मागची कड म्हणजे मागचीच कड. चिमटा आल्विन लावी, आणि लावला की त्याच्या बरोबर खाली खूण म्हणून गिरणीतलं एक लोखंडी वायसर, म्हणजे भोकाची चकती, टाकून ठेवी. ते नियमात नव्हतं. त्याचं स्वतःचं होतं.

एकोणतीस वर्षं तो साखळीवर होता. त्यातली सत्तावीस कोच मार्विन हेगडॉर्नच्या बाजूला. बाजूला म्हणजे अक्षरशः. मधे सहा फूट.

कोच आला त्याच्या तिसऱ्या वर्षाची गोष्ट. मोजणीत चेंडू पुढे निघाला, पंचानं हात दाखवला, गाव ओरडायला लागलं. कोच मात्र मैदानात गेला. "पुढची काठी कलली होती," तो पंचाला म्हणाला. "परत मोजा." परत मोजलं. चेंडू बोटभर मागे. चेंडू गेला, सामना गेला, आणि त्या हिवाळ्यात पेट्रोलपंपावरसुद्धा कोचशी कुणी धड बोललं नाही. आल्विननं एकदाच त्याला विचारलं होतं, का म्हणून. कोच म्हणाला, "आपलं नव्हतं ते." एवढंच.

त्या दिवसापासून आल्विन त्याला मानायला लागला. कोचनं सामने जिंकले त्याहून जास्त हरले. पण त्याच्या सरावात पोरं रेषेपर्यंत पळत. एक जण जरी एक पाऊल अलीकडे थांबला तरी सगळी रांग परत. आल्विन निवृत्त झाल्यावर बुधवारचा सराव बघायला जाई, खुर्ची न घेता उभा राही. कामाला कसलं कौतुक लागत नाही, काम पुरं लागतं, असं त्याचं मत होतं, आणि त्या मैदानावर काम पुरं होई.

मग सहा वर्षांपूर्वी कोचची बायको जोन गेली. कोच दोन आठवडे आला नाही. परत आला तेव्हा तोच माणूस, तीच टोपी, तीच शिट्टी. पहिल्या बुधवारी एक पोरगा रेषेच्या अलीकडे थांबला. कोचनं बघितलं. घड्याळाकडे बघितलं. म्हणाला, "पुरे आज."

आल्विनला वाटलं, दुःख आहे, जाईल. गेलं नाही. सहा वर्षं कोच पाट्या टाकत राहिला. पोरं अलीकडे थांबत राहिली. गावाला हे दिसत नव्हतं, गावाला फक्त हरलेले सामने दिसत. आल्विनला एक पाऊल दिसे.

या सप्टेंबरात कॉलेजनं जाहीर केलं की कोच हेगडॉर्न मोसम संपताच जातोय. आणि पुढे फुटबॉल ठेवायचा की नाही यावर एक समिती विचार करील, गावातल्या लोकांचं म्हणणं ऐकील. कॉलेजात पोरं कमी झाली होती. कोचच्या हाताखाली ल्यूक ब्रँड होता. कोचच्या चांगल्या वर्षांतला खेळाडू, चौतीस वर्षांचा, पहाटे पाचला मैदानावर. समितीनं फुटबॉल ठेवला तर ल्यूक कोच होणार हे सगळ्यांना माहीत होतं. आणि समितीनं बोलवलेल्या लोकांत आल्विनचं नाव होतं. सत्तावीस वर्षं सहा फुटांवरून बघणारा दुसरा कोण होता?

"काय बोलणार आहेस?" डॉरिसनं शेवटच्या सामन्याच्या दिवशी विचारलं. नोव्हेंबर होता, तिनं दोन कोट घातले होते.

"विचारतील ते."

"अरे देवा. म्हणजे मेला बिचारा कोच."

"मी अजून काही बोललो नाही."

"तेच तर. तू बोलायच्या आधी माणूस अर्धा मरतो. खोटं बोल म्हणत नाही मी. पण म्हाताऱ्या, हात थोडा सैल सोडायला काय जातं तुझं?"

"सैल सोडला की कागद फाटतो."

"कागद! अकरा वर्षं झाली रे गिरणीला कुलूप लागून!"

रॉयनं मान वर केली. "काय फाटलं?"

"तुझी चड्डी," डॉरिस म्हणाली आणि पाटी उचलून जागेवर गेली.

पुढच्या शनिवारपासून हरणांची शिकार सुरू होणार होती, त्यामुळे अर्धं गाव जंगलात खोपटी नीट करायला गेलेलं. तरी बाकं बऱ्यापैकी भरली होती. कोचचा शेवटचा सामना. शेवटची तीन मिनिटं उरली तेव्हा एल्डन कॉलेज चार गुणांनी मागे होतं आणि चेंडू त्यांच्याकडे होता, समोरच्यांच्या टोकापासून बत्तीस यार्डांवर. आल्विननं काठी रोवली, रॉय साखळी ताणून पुढे गेला, आणि आल्विन तीसच्या रेषेवर चिमटा लावायला वाकला.

"आल्विन."

कोच त्याच्या बाजूला येऊन उभा होता. सामना चालू असताना कोच साखळीपाशी कधी येत नसे.

"मंगळवारी समितीपुढे दोन शब्द बरे बोल. माझ्यासाठी नाही. ल्यूकसाठी. तुझ्या शब्दावर जाईल ते."

आल्विननं वर बघितलं. कोचच्या डोळ्यांत पाणी होतं, थंडीचं की कशाचं ते कळेना. सत्तावीस वर्षांत या माणसानं काही मागितलं नव्हतं. आल्विननं खाली न बघता हातानं चिमटा लावला, वायसर टाकलं, उभा राहिला.

तीन प्रयत्न झाले. चौथ्यात पोरं ढिगात घुसली, ढीग उपसला, पंचानं चेंडू ठेवला आणि मोजणी मागितली. आल्विन अंगठा चिमट्यावर दाबून मध्यात चालत गेला.

"कुठली रेषा?" पंचानं विचारलं.

"तीस."

"मागची कड?"

"मागची कड," आल्विन म्हणाला. एकोणतीस वर्षं तो हेच उत्तर देत आला होता.

साखळी ताणली. चेंडूचं टोक काठीच्या पुढे निघालं, इंचभर. बाकांवरून असा आवाज आला की रॉयलाही ऐकू गेला.

नव्या जागी काठी नेऊन दिल्यावर आल्विन वायसर उचलायला मागे आला. वायसर रेषेच्या पुढच्या कडेवर पडलं होतं.

तो वाकला तसाच राहिला. पुढची कड. म्हणजे चिमटा चार इंच पुढे लागला होता. म्हणजे सगळी साखळी चार इंच मागे बसली होती. म्हणजे चेंडू तीन इंच कमी पडला होता. हिशोबाला त्याला वेळ लागला नाही.

पुढचा खेळ सुरू व्हायच्या आधी सांगितलं तर पंच दुरुस्त करू शकतो. खेळ सुरू झाला की संपलं. पोरं रांगेला लागत होती. वीसेक सेकंद असतील. आल्विननं मान वर केली. कोच सहा फुटांवर उभा होता आणि वायसरकडे बघत होता. मग त्यानं आल्विनकडे बघितलं. मग तोंड मैदानाकडे वळवलं आणि टाळ्या वाजवल्या. "चला! चला पोरांनो!"

आल्विननं वायसर उचलून खिशात टाकलं.  चेंडू हलला.

चार प्रयत्नांनंतर एल्डननं सात गुण केले आणि सामना तीन गुणांनी जिंकला. पोरांनी कोचला खांद्यावर घेतलं. कुणीतरी फोटो काढला. डॉरिसनं आल्विनच्या पाठीत पाटी हाणली. "म्हाताऱ्या, तुझ्या साखळीनं वाचवलं रे त्याला!" तिनं त्याचा चेहरा बघितला आणि पाटी खाली ठेवली.

रविवारी चर्च सुटल्यावर आल्विन कोचच्या घरी गेला. कोच गॅरेजमध्ये खोकी भरत होता. मुलीकडे नेब्रास्काला जाणार होता. आल्विननं टोपी काढली नाही.

"चिमटा पुढच्या कडेवर होता."

"माहीत आहे," कोच म्हणाला.

"तू बघितलंस."

"बघितलं."

"कोच, एकदा तू मैदानात जाऊन परत मोज म्हणाला होतास."

"तेव्हा मी सदतीस वर्षांचा होतो. घरी गेल्यावर सगळं ऐकून घ्यायला कुणीतरी होतं." कोचनं खोक्याला पट्टी लावली. ती वाकडी लागली. त्यानं ती तशीच ठेवली. "एक जिंकू दे म्हटलं. एकच. तू का नाही बोललास?"

आल्विननं ती वाकडी पट्टी अंगठ्यानं दाबून बसवली. 

"मंगळवारी सांगणार?" कोचनं विचारलं.

"विचारलं तर."

"ते विचारणार नाहीत, आल्विन. तुझ्या चिमट्याबद्दल कुणाला विचारायचं सुचणार आहे? कोच कसा होता विचारतील. चांगला होता म्हण. खोटं नाही ते."

"एकवीस वर्षं खोटं नाही."

कोचचे हात थांबले. मग त्यानं पुढचं खोकं ओढलं. "ल्यूकला दोन लहान पोरी आहेत," तो म्हणाला, आल्विनकडे न बघता.

मंगळवारी समिती कॉलेजच्या वाचनालयातल्या खोलीत बसली. लांब टेबल, पाच माणसं, पाण्याच्या बाटल्या. कोच मागच्या रांगेत होता, ल्यूक त्याच्या शेजारी, इस्त्रीचा शर्ट घालून. आधी बोललेल्या सगळ्यांनी शनिवारच्या विजयाचं नाव काढलं. पाद्र्यानं तर तो पुढच्या दिवसांचा शकुन आहे असं सांगितलं. मग आल्विनला पुढे बोलावलं.

अध्यक्षबाई मऊ आवाजाच्या होत्या. "मिस्टर वॉइटस, तुम्ही सगळ्यात जवळून पाहिलंत. कोच हेगडॉर्न मागे काय ठेवून जातायत, असं तुम्हाला वाटतं?"

आल्विननं खिशातून घडी घातलेला कागद काढला. उघडला नाही.

"एकवीस वर्षं त्यानं पोरांना रेषेपर्यंत पळवलं," तो म्हणाला. "अलीकडे थांबू दिलं नाही. त्या पोरांतला एक मागे बसलाय. त्याला ठेवा. तो पहाटे पाचला मैदानावर असतो, मी बघितलंय. गेली सहा वर्षं कोचनं पाट्या टाकल्या. बायको गेली, समजू शकतो. पण पोरांना ते काय माहीत? त्यांना वाटलं, रेषा तिथंच आहे जिथं आपण थांबलो."

खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. अध्यक्षबाई काहीतरी लिहू लागल्या. इथंच थांबायला हवं होतं, असं नंतर डॉरिस म्हणाली. इथं थांबला असता तर चाललं असतं.

"आणि शनिवारी आपण जिंकलो नाही," आल्विन म्हणाला. "मोजणीत चेंडू तीन इंच कमी होता. चिमटा मी चुकीच्या कडेवर लावला. माझी चूक. खेळ सुरू व्हायच्या आधी कळलं होतं, तरी बोललो नाही. तीही माझीच."

समितीतला एक जण पुढे झुकला. शेजारच्या गावचा दातांचा डॉक्टर, कोचच्या पहिल्या वर्षांतला खेळाडू. त्या तिसऱ्या वर्षीच्या सामन्यात तो मैदानावर होता, परत मोजा म्हटल्यावर चेंडू सोडून माघारी आलेला. त्याचा चेहरा उतरला होता.

"आल्विन, कोचना माहीत होतं?"

कुणी विचारणार नाही, असं कोच म्हणाला होता. आल्विननं मागे वळून बघितलं नाही. वळला असता तर बोलता आलं नसतं. या गावात इंच विचारला आणि त्यानं चुकीचा सांगितला, असं कधी झालं नव्हतं. एकदाच झालं होतं, शनिवारी.

"हो," तो म्हणाला.

मागे कोचची खुर्ची वाजली. दार उघडलं आणि बंद झालं. दातांचा डॉक्टर टेबलाकडे बघत राहिला.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आभार. पण चार इंचांनी आमच्या निर्णयात काही फरक पडत नाही, मिस्टर वॉइटस." त्या दयेनं म्हणाल्या. आल्विनला वाटलं, धीर देतायत.

पत्र गुरुवारी आलं. समितीपुढे बोललेल्या सगळ्यांना तेच पत्र. सर्व मतांचा काळजीपूर्वक विचार करून कॉलेज फुटबॉल बंद करत आहे, कोच हेगडॉर्न यांच्या सेवेबद्दल कृतज्ञता, वगैरे. आल्विननं ते दोनदा वाचलं, मग वरची तारीख वाचली. आधीच्या शुक्रवारची होती. म्हणजे सामन्याच्या आदल्या दिवशीची. कुणीतरी टंकून ठेवलं होतं आणि तारीख बदलायला विसरलं होतं. गिरणीत असलं काम चाललं नसतं.

कोच त्याच दिवशी नेब्रास्काला निघून गेला. आल्विनच्या घरावरूनच हमरस्त्याला लागावं लागतं. गाडी थांबली नाही. ल्यूक महिनाभर इकडेतिकडे अर्ज करत राहिला, मग शेतीच्या अवजारांच्या दुकानात लागला. भेटला तर मान हलवी. आल्विननं त्याच्याबद्दल चांगलं सांगितलं होतं, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

गावाच्या लक्षात दोन गोष्टी राहिल्या. पहिली, तो फोटो: कोच पोरांच्या खांद्यावर, टोपी उंच धरलेली. दारूच्या गुत्त्यात गल्ल्यामागं तो लावला आहे. दुसरी, आल्विन वॉइटसनं फुटबॉल बुडवला. शुक्रवारी तिथं तळलेले मासे खायला तो गेला की बाकावर त्याच्या शेजारची जागा रिकामी राही. डॉरिस मात्र येऊन मुद्दाम तिथंच बसे.

"दाखव ना त्यांना पत्र," ती एकदा तावातावानं म्हणाली. "तारीख दाखव!"

त्यानं दाखवलं. गुत्तेवाल्यानं पत्र दिव्याखाली धरलं, वाचलं, परत दिलं. "तारीख काय, आल्विन, कुणीही कसलीही टाकतं," तो म्हणाला. "माणसानं बोलायला नको होतं ते तू बोललास." आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्या हिवाळ्यात आल्विनला मोजायला कुणी बोलावलं नाही. एका कुंपणाचा वाद झाला तेव्हा लोकांनी जिल्ह्याच्या गावाहून मोजणीदार आणला.

वसंतात कॉलेजनं मैदानावरचं सामान काढलं. ज्याला हवं त्यानं न्यावं. शिरस्त्राणं एका शाळेनं नेली, ढकलायची लोखंडी घसरगाडी भंगारवाल्यानं. साखळी कुणी नेली नाही. डॉरिसनं ती आपल्या गाडीत घातली आणि आल्विनच्या गॅरेजमध्ये आणून टाकली.

"बाहेर अंगणात ताणू," आल्विन म्हणाला.

"कशाला?"

"धर म्हटलं तर धर."

ती एक काठी धरून उभी राहिली, तो दुसरी घेऊन मागे गेला. साखळी ताणली. त्यानं पोलादी फीत लावली, गुडघ्यावर बसून दोन्ही टोकं तपासली. मग टोकं बदलून परत मोजलं.

"किती?"

"दहा यार्ड. बरोबर."

"साखळी कधीच चुकीची नव्हती रे," डॉरिस म्हणाली. या वेळी तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला नसता.

तो उठला. गुडघ्याला माती लागली होती, झटकली. साखळी गुंडाळून त्यानं भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली, काठ्या कोपऱ्यात उभ्या केल्या. चिमटा अजून साखळीवर होता, त्या शनिवारी शेवटचा लावला होता तिथंच. कुणी काढला नव्हता. त्यानं अंगठ्यानं तो दाबून बघितला. घट्ट होता.

"काढायचा नाही?" डॉरिसनं विचारलं.

"राहू दे," आल्विन म्हणाला आणि दिवा बंद केला.